माझी अमेरिकेची वकिली

माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत, तेही दुसऱ्या खेपेला. इंग्रजी शिकले ते ह्यांची डॉक्टरकी होती त्या कार्डिफच्या हॉस्पिटल क्वार्टर्समध्ये, शेजारणीशी कुंपणावरून हवेबद्दल बोलून आणि दुपारी टीव्हीवरच्या पोलिसांच्या मालिका बघून. त्यामुळे माझं इंग्रजी अजूनही दोनच प्रकारचं आहे, एक पावसाचं आणि एक खुनाचं. मधलं काही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी अमेरिकेच्या राज्यघटनेबद्दल जे काही बोलणार आहे, ते कुठल्या तोंडातून येतंय हे तुम्हाला कळलेलं बरं.

घटना शिकायची वेळ माझ्यावर माझ्या धाकट्या बहिणीमुळे आली. ती न्यू जर्सीला असते. लग्न होऊन गेली, तिथेच शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, तिथेच नवरा गेला, मुलगा तिथलाच. नागरिक होऊन तिला इतकी वर्षं झाली की त्या समारंभाचा फोटोसुद्धा आता पिवळा पडलाय. फोटोत ती कांजीवरम नेसून हातात छोटासा झेंडा धरून उभी आहे आणि असं हसतेय की जणू तो देश तिला बक्षीस मिळालाय. मी ब्रिटिश झाले तेव्हा असलं काही नव्हतं. एका सॉलिसिटरच्या ऑफिसात राणीच्या नावाने शपथ घेतली, तो थँक यू म्हणाला आणि येताना आम्ही बटाटे घेऊन आलो.

यावरून तिने मला आयुष्यभर हिणवलंय. "ताई, आमच्याकडे सगळं लिहून ठेवलंय. माणसाचे हक्क काय, सरकारने काय करायचं नाही, सगळं. तुमच्याकडे आहे का काही लिहिलेलं?"

नव्हतं. म्हणजे इंग्लंडची घटना अशी एका पुस्तकात बांधलेली नाही, हे मला तिच्याकडूनच कळलं. तोवर मला वाटायचं, असेल कुठेतरी, लंडनला.

आणि ती नुसती हिणवायची नाही, ते हक्क वापरायचीही. तिच्या गावच्या लायब्ररीची महिन्याला सभा असते. तिथे गावातल्या कोणीही उठून तीन मिनिटं बोलावं अशी पद्धत आहे. ही दर महिन्याला उठायची. कधी जिन्याला कठडा हवा म्हणून, कधी मुलांच्या खोलीत हीटिंग कमी आहे म्हणून, आणि अलीकडे काही पुस्तकं कपाटातून काढून टाकायचं चाललं होतं, ती काढू नका म्हणून. दुसऱ्या दिवशी मला व्हिडिओ कॉल. "फर्स्ट अमेंडमेंट, ताई! आमच्या घटनेची पहिलीच दुरुस्ती. बोलायचा हक्क!" मी म्हणायचे, तुला बोलायला हक्क कधीपासून लागायला लागला? लहानपणी तर तुला गप्प करायला लिमलेटची गोळी लागायची.

तर यंदा मला एक्याऐंशी पूर्ण होणार होती. मुलाने ठरवलं, आईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं. ज्या माणसाने हजार पौर्णिमा बघितल्या त्याला एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं. आता इंग्लंडात माझ्या हजारातल्या निम्म्या पौर्णिमा ढगाआडच गेल्या, पण तो हिशोब कोण मागतोय! मला एकच हवं होतं. ओवाळायला माहेरचं माणूस हवं. माहेरचं आता एकच उरलंय, ती. आणि मी तिच्याकडे जाऊ शकत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली, तेव्हापासून लांबचं विमान बंद. म्हणजे ती आली तर भेट, नाहीतर ही फोनची काच आहेच, त्यात एकमेकींचे नाकाचे शेंडे बघत बसायचं, जोवर आहोत तोवर.

ती येणार म्हणाली. तिकीटही काढलं. आणि मार्चमध्ये एक दिवस फोन.

"ताई, मी येत नाहीये."

"का गं? गुडघा?"

"गुडघा बरा आहे. मी बाहेर पडले आणि त्यांनी परत आतच घेतलं नाही तर?"

मला आधी काही कळेचना. मग हळूहळू बाहेर आलं. त्या पुस्तकांबद्दल तिने गावाच्या फेसबुक पानावर लिहिलं होतं. त्याखाली कोणा अनोळखी माणसाने लिहिलं, या बाईची सिटिझनशिप कोणीतरी एकदा तपासून बघायला हवी. बस, एवढंच. पण रोजच्या बातम्या बघून आधीच तिचं मन अर्धं झालं होतं. तिने लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. लायब्ररीच्या सभेला जाणं बंद केलं. आणि आता म्हणे ती कोथिंबीर आणायला जातानाही पर्समध्ये पासपोर्ट घेऊन जाते.

"अगं, तू सिटिझन आहेस!"

"जन्मलेली नाही ना. झालेली आहे. झालेलीची न झालेली करायला किती वेळ लागतो?"

"पण तुमच्याकडे तर सगळं लिहून ठेवलंय ना?" हे मी रागाने म्हटलं. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं वायफाय गेलं. मी फोन हलवून बघितला. वायफाय होतं. माझी बहीण गप्प बसली होती.

ते मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी अभ्यासाला लागले. तिला आणायचं तर तिच्या हक्कांची खात्री पटवायला हवी, आणि ती पटवायची तर ते मला तिच्यापेक्षा जास्त पाठ हवेत. मुलाने टॅबलेट दिलेला होता, त्यावर अमेरिकन वकिलांचे व्हिडिओ सापडले. हे अमेरिकन वकील सगळे मोटारीत बसूनच का बोलतात देव जाणे. माझा आवडता एक दाढीवाला होता, तो सीट बेल्ट लावून बोलायचा, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसला. सकाळी पोहे परतताना पहिली दुरुस्ती, दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना चौथी. झडती घ्यायची तर कारण हवं. पाचवी, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. सहावी, खटला झाला तर वकील. आणि चौदावीत मला रत्न सापडलं. तिथे जन्मलेले किंवा तिथे रीतसर नागरिक झालेले, दोघेही नागरिक. मी लगेच तिला फोन लावला. तिच्याकडे पहाटेचे पाच वाजले होते.

"अगं, त्यात 'किंवा' आहे! जन्मलेले किंवा झालेले! दोन्हीला एकच ओळ!"

"ताई," ती झोपेत म्हणाली, "ते मला सिटिझनशिपच्या परीक्षेला होतं."

मला मात्र इतकं ज्ञान पोटात मावेना. आता आम्ही राहतो त्या रीडिंग गावात मराठी ज्येष्ठांचा गट आहे, दर गुरुवारी कम्युनिटी हॉलमध्ये जमतो, चहा घेतो आणि कोणाचं कुठलं ऑपरेशन झालं ते ऐकतो. तिथे मी जाहीर केलं, पुढच्या गुरुवारी माझं व्याख्यान, 'अमेरिकन नागरिकांचे हक्क आणि आजचा काळ'. बहुतेकांनी निम्मं आयुष्य हॉस्पिटलांत काढलेलं, सगळे पदवीधर, आणि बोलणार कोण तर मी. आमचे हे म्हणाले, "अगं, निदान इंग्लंडचे तरी हक्क सांग." मी म्हटलं, ते लिहिलेले कुठे आहेत?

व्याख्यान तिसऱ्या दुरुस्तीपर्यंत छान चाललं. तिसरी दुरुस्ती अशी की शांततेच्या काळात सरकार तुमच्या घरात तुमच्या मर्जीविरुद्ध सैनिक ठेवू शकत नाही. हे ऐकून मागच्या रांगेतल्या एक बाई ताडकन उठल्या. "अहो, सैनिकाचं राहू द्या. आमच्याकडे ह्यांच्या मावसभावाचा मुलगा मास्टर्स करायला आलाय. दोन आठवडे म्हणाला होता. दुसरं वर्ष चाललंय. त्याला कुठली दुरुस्ती?" त्यापुढे व्याख्यान माझ्या हातात राहिलं नाही. प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी होताच. शेवटी एक निवृत्त भूलतज्ज्ञ म्हणाले, "वकिलीणबाई, एवढं सगळं असूनही तुमची बहीण घाबरली, मग या हक्कांचा आजच्या काळात उपयोग काय?" मी म्हटलं, "चहा गार होतोय."

पण हार मानायचा माझा स्वभाव नाही. मी दाढीवाल्याकडून पक्कं करून घेतलं. स्वतःच्या नागरिकाला परत येऊ द्यावंच लागतं. उशीर करतील, प्रश्न विचारतील, फोन मागतील, पण दार लावून घेता येत नाही. हे मी तिला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ती थकून म्हणाली, "बरं बाई, येते. पण तिथे काउंटरवर काय बोलायचं ते तू शिकव. माझं तोंड सुटलं की थांबत नाही, आणि त्यातलाच एखादा शब्द माझ्या गळ्याशी यायचा."

म्हणजे हे तर माझ्या हातात आयतंच आलं. रोज संध्याकाळी आमचा सराव सुरू झाला. ती स्क्रीनवर, मी सोफ्यावर. ऑफिसर म्हणून आधी ह्यांना बसवलं. "अहो, जरा कडक चेहरा करा आणि प्रश्न विचारा." ह्यांनी कोट घातला, चष्मा पुसला आणि चाळीस वर्षांच्या सवयीने विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. पण मी ह्यांना उठवलं आणि स्वतः ऑफिसर झाले.

"कुठे गेला होतात?"

"माझ्या बहिणीकडे. म्हणजे आमच्यात सात वर्षांचं अंतर आहे, पण आई लवकर गेली त्यामुळे तिनेच माझ्या वेण्या..."

"वेण्या काढू नकोस! नाव सांगायचं. अमेरिकन सिटिझन म्हणायचं. बास. पुढे काहीही विचारलं तर, आय विल स्पीक थ्रू माय लॉयर."

हे पेपरमधून म्हणाले, "तिला लॉयर आहे कुठे?"

"असायला लागत नाही, नुसतं म्हणायचं. टीव्हीवर सगळे म्हणतात."

फोनचाही बंदोबस्त मी केला. सरहद्दीवर म्हणे नागरिकाचासुद्धा फोन बघायला मागतात, तिथे चौथी दुरुस्ती जरा पातळ होते. मग मी म्हटलं, फोन आणूच नकोस. फोनच नाही तर मागतील काय? माझा नंबर एका कागदावर लिही आणि पर्समध्ये ठेव. या युक्तीवर मी इतकी खूश होते की रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं.

माझी सून इथेच जन्मलेली. सॉलिसिटर आहे, पण घरांच्या खरेदी-विक्रीची. तिने दारातून सराव बघितला आणि म्हणाली, "आई, मावशी नॉर्मली आन्सर नाही करू शकत? लाइक, ऑनेस्टली?" मी तिला म्हटलं, तू घरांचं बघ.

बहीण येण्याच्या दिवशी सून आणि मी हीथ्रोला गेलो. मुलगा कामावर होता आणि ह्यांना घरी बसवून डिंकाच्या लाडवांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. न्यू जर्सीच्या न्यूअर्कहून येणारं विमान वेळेवर उतरलं. बॅगांवर त्याच विमानाची लेबलं लावलेली माणसं बाहेर येऊ लागली. तरुण आली, म्हातारी आली, एक बाई तर तीन मुलं आणि माणसाएवढं चेलो वाद्य घेऊन आली. आमची काही येईना. एवढ्यात माझा फोन वाजला. नंबर अनोळखी.

"हॅलो, आय ॲम कॉलिंग फ्रॉम इमिग्रेशन..."

मी कट केला. कारण आमच्या गुरुवारच्या गटात फसवणुकीच्या फोनांबद्दल सांगायला एक पोलिस बाई येऊन गेल्या होत्या. त्यांनी बजावलं होतं, कोणी इमिग्रेशनमधून बोलतोय म्हणालं की फोन ठेवा. त्या वर्गात सगळ्यात हुशार मीच होते.

फोन पुन्हा वाजला. "मॅडम, प्लीज डोन्ट हँग अप. आर यू द लॉयर फॉर मिसेस..." आणि पुढे काहीतरी न समजणारं आडनाव. मी परत कट केला आणि सुनेला विजयाने सांगितलं, "चोर आहे. किती निर्लज्ज बघ, म्हणे तुम्ही वकील आहात का!"

सुनेने माझ्याकडे बघितलं, मग त्या काचेच्या दारांकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. "आई," ती अगदी हळू म्हणाली, "मावशी आतमध्ये आहे."

मला तरीही पटलं नसतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा माझा अंगठा लाल बटणावरच होता. पण या वेळी तो माणूस जरा वैतागून, जरा लांबवून बोलला आणि मला त्याच्या आवाजातला तो वर-खाली जाणारा हेल ऐकू आला. तीस वर्षं वेल्समध्ये, कार्डिफला काढलीत मी. चोर वेल्श असूच शकत नाही, असा माझा आपला कायदा आहे.

"यू आर फ्रॉम कार्डिफ?" मी विचारलं.

तो कार्डिफच्या शेजारच्याच गावचा निघाला. "बॅरी, मॅडम. मॅडम, आर यू अ लॉयर?"

आता या प्रश्नाचं उत्तर काय देणार? मी म्हटलं, नो, आय ॲम अ सिस्टर. मग त्याने सगळं सांगितलं. पासपोर्टच्या फोटोत हिचे केस काळेभोर आणि आता पांढरेशुभ्र, त्यामुळे मशीनच्या दाराने हिला ओळखलं नाही आणि काउंटरवर पाठवलं. त्याने विचारलं, किती दिवस राहणार? हिने नाव सांगितलं. कुठे राहणार? अमेरिकन सिटिझन. कशासाठी आलात? आय विल स्पीक थ्रू माय लॉयर. त्याने विचारलं, तुमचे लॉयर कुठे आहेत? तेव्हा हिने पर्समधून माझा नंबर काढून दिला.

मी सगळं शिकवलं होतं. फक्त कुठल्या काउंटरवर बोलायचं ते सांगायला विसरले होते. सराव परतीचा होता, अमेरिकेच्या दाराचा. हिने तो जाताना वापरायचा तो येतानाच वापरला, इंग्लंडच्या दाराशी.

त्याने फोन तिच्याकडे दिला. "ताई?" ती कुजबुजली. "मी काही म्हणजे काही बोललेले नाही." आवाजात एवढा अभिमान होता, की माझ्या तोंडून शाब्बास निघता निघता राहिलं.

"अगं, बोल! सगळं बोल त्यांच्याशी!"

"सगळं?"

"सगळं!"

"नक्की? मग परत म्हणशील वेण्या काढल्या."

पुढचा पाऊण तास तिने त्याला सगळं सांगितलं, हे मला मागून कळलं. वेण्या, आई, माझी गुठळी, हजार पौर्णिमा. एक्याऐंशी दिव्यांचं ऐकून त्याने फक्त एवढंच विचारलं म्हणे, "इनडोअर्स?"

शेवटी ती बाहेर आली. छोटीशी दिसत होती. स्क्रीनवर माणूस किती उंच आहे ते कळतच नाही. मी तिला धरलं ते सुनेने ट्रॉलीसाठी रस्ता मागेपर्यंत सोडलंच नाही.

गाडी एम-फोर हायवेला लागली तशी सून आरशात बघून तिला समजावायला लागली. "मावशी, इथे तुम्ही व्हिजिटर आहे. तुमची तिकडची कॉन्स्टिट्यूशन इथे नाही चालत. इथे आन्सर नाही दिलं तर दे कॅन सेंड यू बॅक."

"परत? अमेरिकेला?"

"हो."

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे बघ हं ताई. ते मला परत घेणार नाहीत म्हणून मी येत नव्हते. आणि तुझ्या शिकवणीने मला हे लोक परत पाठवणार होते." आणि मग ती जी हसत सुटली ती स्लाउ गाव मागे पडेपर्यंत. मीही हसले. मला दुसरा मार्ग नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात ती हसत नव्हती. मी बेसन भाजत होते, ती स्टुलावर बसून वेलची सोलत होती.

"ताई, तुला राग येईल, पण सांगते. एवढ्या सगळ्या दुरुस्त्या तू शिकलीस आणि त्यातून मला काय शिकवलंस? गप्प कसं बसायचं ते. ते तर मी आधीच करत होते."

"अगं, तू सुखरूप यावीस म्हणून..."

"माहीत आहे मला. तो फेसबुकवरचा माणूस काही माझ्या दारात आला नव्हता. कोणीच आलं नव्हतं. मीच माझं लिहिलेलं पुसलं, माझ्याच बोटाने. ते आठवलं की लाज वाटते. लायब्ररीवरून जाताना मी दुसऱ्या बाजूच्या फुटपाथने जाते."

मी नुसतं बेसन हलवत राहिले. इतके दिवस मला वाटत होतं की तिला माहिती कमी पडतेय. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, परीक्षा देऊन पास झालेली बाई ती. मी आपली पोह्यांच्या कढईपाशी उभी राहून तिला तिचंच पुस्तक वाचून दाखवत होते. आणि खरं सांगायचं तर मला तिच्या हक्कांचं काही पडलं नव्हतं. मला ती यायला हवी होती. त्यासाठी अमेरिकेची घटना काय, मी चीनची पाठ केली असती.

सहस्रचंद्रदर्शन झालं. कम्युनिटी हॉलच्या केअरटेकरने दिव्यांच्या धुराने अलार्म वाजेल म्हणून तळमजल्याची सगळी दारं उघडी ठेवायला लावली, त्यामुळे निम्मे दिवे वाऱ्याने विझले आणि गारठून मला पुरतं प्रकाशमान होता आलं नाही. माझ्या बहिणीने मला ओवाळलं. मग कोणीतरी म्हणालं, माहेरच्यांनी दोन शब्द बोलावेत.

ती उठली. मला वाटलं, ताईने आईसारखं सांभाळलं वगैरे म्हणेल, मी रुमालही काढून ठेवला. आणि तिने हीथ्रोची गोष्ट सांगितली. सगळी. सराव, कोट, कधीपासून होतंय हे, चोर, बॅरी. मला जे माहीत नव्हतं तेही सांगितलं. मी दोनदा फोन कट केल्यावर त्या ऑफिसरने तिला विचारलं होतं म्हणे, "तुमची लॉयर नेहमी अशीच वागते का?" लोक डोळे पुसून हसत होते. ते भूलतज्ज्ञ खुर्चीवरून घसरायचे बाकी होते. मी नवी पैठणी नेसून, गळ्यात हार घालून, अर्ध्या विझलेल्या दिव्यांच्या मध्ये बसले होते आणि माझी सख्खी बहीण भर सभेत माझी अब्रू काढत होती. तिला हात पसरून, मान उडवून बोलताना मी कित्येक महिन्यांनी बघत होते. हार टोचत होता, तरी मी तिला थांबवलं नाही.

ती जायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "परतीच्या काउंटरचं जरा..."

"ताई, आता एक शब्द शिकवू नकोस." शिकवला नाही. पण तिच्या पर्समध्ये पासपोर्ट आहे ना, ते रात्री दोनदा उठून बघून आले. माझं हसं झालं म्हणून तिची भीती खोटी ठरत नव्हती, हे मलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाचा मेसेज आला, आई घरी पोचली. मग तिचाच फोन. ऑफिसरने विचारलं, कुठे होतात? बहिणीकडे. काही खाण्याचं आणलंय? लाडू. त्याने पासपोर्ट परत दिला. झालं. "माझे हात थरथरत होते पण, ताई. पासपोर्ट त्याच्या टेबलावर टकटक वाजला."

"मग?"

"मग काय, वाजला."

त्यापुढच्या लायब्ररीच्या सभेला ती गेली. मागे बसली, ऐकलं आणि न बोलताच घरी आली. मी काही म्हटलं नाही, म्हणजे म्हणणार होते, पण ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्याच्या पुढच्या महिन्यात परत गेली. सभेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची दुपार, आम्ही चहा घेत होतो, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. चेहऱ्यावर काही कळेना.

"बोलले."

"काय बोललीस? सांग सगळं."

"नाव सांगितलं. या गावात किती वर्षं राहते ते सांगितलं. म्हटलं, ती पुस्तकं कपाटात राहू द्या. मग बसले."

"एवढंच?"

"एवढंच."

"अगं, तीन मिनिटं देतात आणि तू तीन वाक्यांत बसलीस? पहिल्या दुरुस्तीचं म्हणायचं होतंस! कर भरतो म्हणायचं होतंस! मी इथे एवढा अभ्यास..."

"ताई," ती म्हणाली, "तिथे मागे एक मुलगी होती, पहिल्यांदाच आलेली. मी बसल्यावर ती उठली." आणि मग ती मुलगी काय म्हणाली, तिने कुठला स्वेटर घातला होता, तिच्या आईला ही कशी दुकानात भेटली होती, हे सगळं ती सांगत बसली. आमचा चहा निवून गेला. ह्यांनी उठून दुसरा ठेवला, तरी तिचं संपलं नव्हतं.